पुस्तक कुणासाठी आणि किती अवघड? तालिकेत नोंदवण्याची पद्धत

ग्रंथालयाच्या तालिकेत (कॅटलॉगमध्ये) ‘बाल’ असा एकच शिक्का मारला की काम झालं, असा समज फार पसरलेला आहे. त्यामुळे जाड पुठ्ठ्याचं चित्रपुस्तक, नववीतल्या मुलाला आवडेल अशी विज्ञानकथा आणि ‘मुलांना शिस्त कशी लावावी’ हे पालकांचं पुस्तक, ही तिन्ही एकाच यादीत येऊन बसतात. बालविभागात आलेल्या वाचकाला त्यातलं एकच हवं असतं.

नाशिक जिल्ह्यातली शासनमान्य वाचनालयं, शाळा आणि महाविद्यालयांची ग्रंथालयं यांच्यासाठी हा लेख आहे. टॅग (नोंदीतल्या रकान्यांचे क्रमांक) मार्क २१ या ग्रंथनोंदीच्या प्रमाणित साच्याचे आहेत आणि उदाहरणं कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीतली. कोडांची अक्षरं इथं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. संगणकात ती लहान रोमन लिपीत आणि टॅगचे आकडे इंग्रजी अंकांत टाकायचे. ई-ग्रंथालय किंवा दुसरी प्रणाली वापरत असाल आणि मार्कचे टॅग समोर दिसत नसतील, तर तोच मजकूर टीप किंवा शेरा या रकान्यात लिहा. ठरवण्याची पद्धत तीच राहते.

## टप्पा १ : तीन प्रश्न वेगळे करा

प्रत्येक पुस्तकाबद्दल तीन वेगळे प्रश्न असतात.

१. पुस्तक कुणाबद्दल आहे? (विषय)
२. पुस्तक कुणासाठी लिहिलं आहे? (वाचकवर्ग)
३. वाचायला किती अवघड आहे? (काठिण्य)

निम्म्या चुका पहिल्या दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून होतात. बालसंगोपनाचं पुस्तक मुलांबद्दल असतं, पण वाचणार पालक. आदिवासी समाजावरचा प्रबंध आदिवासी वाचकासाठी असतोच असं नाही. मधुमेहावर रुग्णांसाठी लिहिलेली पुस्तिका आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांचं पाठ्यपुस्तक यांचा विषय एक, वाचक दोन.

दुसरा आणि तिसरा प्रश्नही एक नाही. याचं ठळक उदाहरण म्हणजे नवसाक्षर. पन्नाशीतली बाई नुकती वाचायला शिकली असेल, तर तिला सोपी भाषा हवी, पण विषय शेती, आरोग्य, बचत गट असा हवा. तिच्या हाती सशाची गोष्ट दिली तर ती पुन्हा वाचनालयात यायची नाही. उलट बाजूला दहा वर्षांचं चांगलं वाचणारं मूल भाषेच्या दृष्टीनं प्रौढांची कादंबरी पेलतं, पण ती त्याच्यासाठी लिहिलेली नसते. म्हणून वय आणि काठिण्य एकाच आकड्यात कोंबू नका.

तपासा : कामाला बसणाऱ्या सगळ्यांना पाच पुस्तकं देऊन तिन्ही उत्तरं कागदावर लिहायला सांगा. ‘कुणाबद्दल’ आणि ‘कुणासाठी’ यात कुणी अडखळलं तर पुढं जाऊ नका.

## टप्पा २ : एका पानाचं धोरण

संगणकाला हात लावण्याआधी एक पान लिहून भिंतीवर लावा. त्यात चार गोष्टी पुरतात.

वयाचे गट. मार्कच्या ००८ टॅगमध्ये गट ठरलेले आहेत. ए म्हणजे शाळापूर्व (साधारण ५ वर्षांपर्यंत), बी प्राथमिक (६ ते ८), सी पूर्वकिशोर (९ ते १३), डी किशोर (१४ ते १७), ई प्रौढ, एफ विशिष्ट गट, जी सर्वसाधारण आणि ‘जे’ म्हणजे १५ वर्षांपर्यंतची मुलं, गट न पाडता. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधले टप्पे (३ ते ८, ८ ते ११, ११ ते १४, १४ ते १८) यांच्याशी तंतोतंत जुळत नाहीत. शाळेच्या ग्रंथालयाला ते टप्पे हवेच असतील तर टीपेत लिहा. कोडाचा अर्थ मात्र बदलू नका, कारण नोंद उद्या दुसऱ्या ग्रंथालयात जाईल तेव्हा तुमचं भिंतीवरचं पान तिच्यासोबत जाणार नाही.

काठिण्याचे स्तर. मराठीसाठी पाच पुरेत. तक्ता टप्पा ४ मध्ये आहे.

अंकांची लिपी. टीपेत ‘९-१२’ लिहायचं की इंग्रजी अंक, हे एकदाच ठरवा. निम्म्या नोंदी एका लिपीत आणि निम्म्या दुसरीत असल्या की शोधही अर्धाच लागतो. अहवाल काढायचे असतील तर इंग्रजी अंक सोयीचे पडतात.

शंका आली तर काय? उत्तर सोपं आहे: मोकळं सोडा. वाचकवर्ग न नोंदवलेली नोंद अपुरी असते, चुकीचा नोंदवलेली दिशाभूल करते.

## टप्पा ३ : पुरावा पुस्तकातून गोळा करा

क्रम असा ठेवा: मुखपृष्ठ, मलपृष्ठ, शीर्षकपानाची मागची बाजू, मालेचं नाव, मनोगत किंवा प्रस्तावना आणि सगळ्यात शेवटी प्रकाशकाची सूची. मनोगत वगळू नका. ‘हे पुस्तक नव्यानं द्राक्षबाग लावणाऱ्यांसाठी आहे’ असं वाक्य बहुधा तिथंच सापडतं, मुखपृष्ठावर नुसतं ‘द्राक्ष छाटणी’ असतं. निफाड, दिंडोरीकडच्या वाचनालयात हा फरक मोलाचा. तेच शीर्षक कृषी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीही असू शकतं आणि त्यात संजीवकांच्या (झाडाची वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांच्या) मात्रा पीपीएममध्ये दिलेल्या असतात.

यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांवर शिक्षणक्रमाचं नाव असतं. ते जसंच्या तसं घ्या. ही पुस्तकं घरी बसून एकट्यानं शिकणाऱ्यासाठी लिहिलेली असल्यानं बाहेरच्या वाचकालाही चालतात, तेव्हा ती सरसकट ‘विशिष्ट गट’ या कोडात ढकलू नका.

नेहरू बाल पुस्तकालय मालेतल्या बऱ्याच पुस्तकांवर वयोगट छापलेला असतो, तर प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर १ ते ४ असे स्तर असतात. त्यांचा पहिला स्तर २५० शब्दांच्या आतला आणि चौथा १५०० शब्दांच्या वरचा. त्यांचा ‘स्तर २’ आणि तुमच्या पानावरचा ‘स्तर २’ एक नाही. म्हणूनच स्तर कुणी दिला, हे नोंदीत आलंच पाहिजे.

सावधान : ‘८ ते ८० वयोगटासाठी’, ‘प्रत्येक घरात हवंच’ ही जाहिरात आहे, पुरावा नाही. किंमत कमी आणि चित्रं भरपूर, हाही पुरावा नव्हे. नकाशे, पाककृती, किल्ल्यांची पुस्तकं चित्रांनी भरलेली असतात आणि ती मोठ्यांची असतात.

## टप्पा ४ : मराठी मजकुराचं काठिण्य मोजा

इंग्रजीसाठीची वाचनसूत्रं इंग्रजी शब्दांच्या अवयवांवर (सिलॅबलवर) बेतलेली आहेत. मराठी मजकूर त्यात घातला तर आकडा येतो, पण त्याला अर्थ नसतो. त्याऐवजी पुढचं करा. सराव झाल्यावर एका पुस्तकाला सात-आठ मिनिटं लागतात.

१. सुरुवातीचं पान सोडून पुस्तकाच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या भागातून साधारण १०० शब्दांचा एकेक उतारा घ्या. पहिलं पान घेऊ नका. लेखक आणि संपादक दोघांनी ते घासून सोपं केलेलं असतं.

२. प्रत्येक उताऱ्यातली वाक्यं मोजा. १०० ला वाक्यांच्या संख्येनं भागा, म्हणजे वाक्याची सरासरी लांबी मिळते.

३. अवघड जोडाक्षरांचे शब्द मोजा. इथं सगळे जण फसतात. ‘त्या’, ‘तुझ्या’, ‘आल्या’, ‘म्हणून’ यांतही जोडाक्षरं आहेत, पण मूल ती पहिलीतच ओळखायला लागतं. मोजायचे ते ‘स्वातंत्र्य’, ‘दुर्लक्ष’, ‘निष्कर्ष’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द.

४. सामासिक आणि संधी झालेले लांब शब्द, आणि समजावून न सांगता वापरलेली परिभाषा, यांच्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा (झेरॉक्सवर, पुस्तकावर नाही).

५. शुद्धलेखन जुनं आहे का, ते पाहा. १९६२ च्या नियमांआधीच्या छपाईत ‘घरांत’, ‘नाहीं’, ‘कां’ असे अनुस्वार असतात. आजीला ते ओळखीचे, तिसरीतल्या मुलाला अडथळा. असं पुस्तक एक स्तर वर सरकवा.

मग पुढच्या तक्त्याशी ताडून पाहा.

स्तर १: चित्र मुख्य, पानाला एक ते तीन ओळी, शब्दांची पुनरावृत्ती.
स्तर २: ५ ते ७ शब्दांची वाक्यं, रोजच्या वापरातले शब्द, मोठा टाइप.
स्तर ३: ८ ते १२ शब्दांची वाक्यं, सलग परिच्छेद, १०० शब्दांत तीन-चार अवघड जोडाक्षरी शब्द.
स्तर ४: मिश्र वाक्यं, प्रकरणं, तत्सम शब्दांचा सढळ वापर.
स्तर ५: परिभाषा, जुनी भाषा किंवा आधीचं ज्ञान गृहीत धरलेलं.

हे आकडे कुठल्या मंडळानं ठरवलेले नाहीत. कामाला लागण्यासाठीचं हे माप आहे, तुमच्या संग्रहावर लावून पाहा आणि बदला. कवितांना लावू नका. कवितेत वाक्यच सापडत नाही, आणि तीन शब्दांची ओळ सगळ्यात अवघड असू शकते.

बोलीचा प्रश्न वेगळा आहे. संवाद अहिराणीत असलेली कथा सटाणा-कळवणच्या मुलाला सहज कळते, पण पंचवटीतलं मूल दर ओळीला थांबतं. याला स्तर वाढवणं हे उत्तर नाही. भाषेच्या टीपेत (टॅग ५४६) ‘संवाद अहिराणीत’ असं लिहा. सुरगाणा, पेठकडच्या आश्रमशाळांसाठी कोकणा-मराठी द्वैभाषिक पुस्तकं घेत असाल, तर तिथंही हेच.

तपासा : दोघांनी एकमेकांना न विचारता तीच २० पुस्तकं मोजावीत. चारपेक्षा जास्त पुस्तकांवर मतभेद झाला तर तक्त्याची भाषा ढिली आहे, ती आधी दुरुस्त करा. मोजणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही.

## टप्पा ५ : टॅग भरा, याच क्रमानं

बहुतेक जण ००८ चा कोड आधी टाकतात आणि टीप नंतर लिहितात, किंवा लिहीतच नाहीत. क्रम उलटा ठेवा. आधी शब्दांत लिहिलं की विचार पक्का होतो, मग कोड आपोआप सुचतो.

५२१, वाचकवर्गाची टीप. सबफील्ड (टॅगमधला उपरकाना) ए मध्ये मजकूर, बी मध्ये तो कुणी ठरवला ते. पहिला इंडिकेटर (टॅगपुढच्या दोन खुणेच्या जागांपैकी पहिली) महत्त्वाचा आहे.

मोकळा: सर्वसाधारण टीप. ‘नव्यानं द्राक्षबाग लावणारे शेतकरी’.
०: वाचनाच्या दृष्टीनं इयत्ता.
१: आवडीच्या दृष्टीनं वय.
२: आवडीच्या दृष्टीनं इयत्ता.
३: वाचकाचं विशेष वैशिष्ट्य, उदाहरणार्थ दृष्टिदोष.
४: वाचनाची प्रेरणा किंवा रस.
८: आपोआप लेबल नको असेल तेव्हा.

तुमचा स्थानिक स्तर इयत्ता नाही, म्हणून त्याला ० लावू नका. ८ लावा आणि ‘काठिण्य: स्तर ३’ असं पूर्ण लिहा, बी मध्ये ग्रंथालयाचं नाव. प्रकाशकानं छापलेला वयोगट वेगळ्या ५२१ मध्ये जाईल, इंडिकेटर १, बी मध्ये प्रकाशक. टॅग पुन्हा वापरता येतो. दोन्ही मतं एकाच ओळीत मिसळू नका.

सावधान : ०, १, २ या इंडिकेटरांमुळे ‘आवडीचं वय’ अशा अर्थाचं लेबल प्रणालीनं स्वतः दाखवणं अपेक्षित असतं. मजकुरातही ‘वय: ९-१२ वर्षे’ लिहिलंत तर वाचकाला तेच दोनदा दिसेल. पहिली नोंद सेव्ह करून ओपॅकवर (वाचकांच्या शोधपानावर) बघा, मगच पुढच्या करा.

३८५, वाचकवर्गाची वैशिष्ट्यं. ५२१ ही टीप वाचकानं वाचायची, ३८५ वरून संगणकानं गट पाडायचे. इथं ठरावीक यादीतलेच शब्द हवेत: पालक, शिक्षक, नवसाक्षर, शेतकरी, स्पर्धा परीक्षेचे उमेदवार. लायब्ररी ऑफ काँग्रेसची लोकसमूह-संज्ञांची यादी वापरलीत तरच सबफील्ड २ मध्ये तिचा कोड (एलसीडीजीटी) टाका. स्वतःच्या मराठी यादीपुढं तो कोड लावणं म्हणजे खोटा दाखला जोडणं. कोहाच्या फ्रेमवर्कमध्ये (नोंद भरायच्या साच्यात) ३८५ दिसत नसेल तर आधी तो तिथं सुरू करून घ्या, आणि शब्द हातानं टाइप करू देण्याऐवजी ऑथराइज्ड व्हॅल्यूची (आधीच ठरवलेल्या शब्दांची) यादी जोडा. नाहीतर सहा महिन्यांत ‘नवसाक्षर’, ‘नव साक्षर’ आणि ‘नवसाक्षरांसाठी’ असे तीन गट तयार होतील.

००८, बाविसावी जागा. जागा शून्यापासून मोजतात. म्हणजे बाविसावी जागा हे प्रत्यक्षात तेविसावं अक्षर. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेत) अहवाल लिहिताना २३ टाकावं लागतं. एका अक्षराची चूक झाली की वाचकवर्गाऐवजी दुसऱ्याच गोष्टीचा अहवाल हाती येतो. कोहात ००८ शेजारच्या बटणानं खिडकी उघडते, तिथून निवडा, हातानं मोजत बसू नका. डीफॉल्ट ००८ मध्ये या जागी उभी रेघ असते, तिचा अर्थ ‘कोड द्यायचा प्रयत्न केलेला नाही’. मोकळी जागा म्हणजे ‘माहीत नाही किंवा दिलेलं नाही’.

जागा एकच आहे, म्हणून एकच कोड: मुख्य वाचकाचा. बाकीचे ५२१ मध्ये. आणि ‘जे’ हा कोड आळसानं वापरू नका. ओपॅकच्या प्रगत शोधात वाचकवर्ग निवडणारा वाचक ९ ते १३ मागतो तेव्हा त्याला सी च्याच नोंदी मिळतात, ‘जे’ मध्ये टाकलेल्या मिळत नाहीत.

ई म्हणजे ‘केवळ प्रौढांसाठी’ असा सेन्सॉरचा शिक्का नव्हे, हेही कर्मचाऱ्यांना एकदा सांगून ठेवा. बँकिंगवरचं पुस्तक ई असतं.

६५०, विषयशीर्षक. पुस्तक मुलांचं आहे म्हणून दुसरा इंडिकेटर १ टाकण्याची खोड सर्रास दिसते. त्या १ चा अर्थ ‘हे शीर्षक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या बाल-विषयशीर्षकांमधलं आहे’ असा होतो. तुम्ही स्वतः मराठीत शीर्षक बनवलं असेल तर ४.

९५२, प्रतीची माहिती. ‘बालविभाग’ हे प्रत कुठं ठेवली आहे याचं उत्तर, ते शेल्विंग लोकेशनमध्ये. कपाट बदललं की लोकेशन बदलेल, वाचकवर्ग बदलणार नाही. आयटम टाइप (प्रतीचा प्रकार) ‘बाल’ असा केलात तर देवघेवीचे नियमही त्याला चिकटतात, मग नातवासाठी पुस्तक न्यायला आलेल्या आजोबांचं कार्ड काउंटरवर अडतं.

## टप्पा ६ : जिथं हमखास चुकतं

आयात केलेल्या नोंदी. झेड ३९.५० (दुसऱ्या ग्रंथालयांच्या नोंदी उतरवून घेण्याची सोय) वरून इंग्रजी पुस्तकाची नोंद उतरवली की सोबत अमेरिकी इयत्ताही येतात. ‘ग्रेड ४’ म्हणजे वयानं आपली चौथीच, पण ती इंग्रजी घरात बोलणाऱ्या मुलासाठी. सातपूर-अंबडमधल्या मराठी शाळेत तेच पुस्तक आठवीला जड जाईल. आवडीचं वय राहू द्या, वाचनाची इयत्ता मूळ संस्थेच्या नावासह राहू द्या आणि तुमचं माप वेगळ्या ५२१ मध्ये जोडा. पुसू नका.

संक्षिप्त आणि सोप्या आवृत्त्या. ज्ञानेश्वरीचा मूळ पाठ, सार्थ आवृत्ती आणि मुलांसाठीचं गोष्टीरूप यांचा वाचक वेगवेगळा. जुन्या नोंदीची नक्कल करून नवी बनवताना ५२१ आणि ००८ तसेच राहून जातात. नक्कल केली की हे दोन टॅग आधी रिकामे करायचे, असा नियमच करा.

नियतकालिकं. मुलांचं मासिक नोंदवताना ००८ च्या बाविसाव्या जागी सी टाकू नका. नियतकालिकांच्या ००८ मध्ये ती जागा वाचकवर्गाची नसते, तिथं मूळ साहित्याचं स्वरूप नोंदवतात. मासिकांसाठी ५२१ आणि ३८५ वापरा.

अभ्यासक्रमाची पुस्तकं. ‘एस.वाय.बी.एस्सी.’ हे विषयशीर्षक नव्हे. ते ५२१ मध्ये किंवा, ठरावीक शिक्षणक्रमाला जोडलेलं असेल तर, ५२६ मध्ये. अभ्यासक्रम बदलतो, म्हणून वर्षही लिहा. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांना हेच लागू. अभ्यासिकेत बसणारी मुलं जुन्या पॅटर्नचं पुस्तक उघडून तक्रार करतात, त्यात तालिकेचाही वाटा असतो.

संच. तीन भागांतला पहिला भाग सोपा आणि तिसरा अवघड असेल, तर सबफील्ड ३ मध्ये भाग सांगून प्रत्येकासाठी वेगळा ५२१.

पाठीवरची रंगीत पट्टी. काठिण्याचा स्तर पुस्तकाच्या पाठीवर रंगानं दाखवण्याचा मोह टाळा. ‘तू अजून पिवळ्याच पट्टीचं वाचतोस?’ हे वाक्य आठवड्याभरात ऐकू येतं आणि ते मूल पट्टी बघून पुस्तक उचलू लागतं. नवसाक्षरांच्या बाबतीत तर हे आणखी वाईट. पाठीवर बोधांक (कपाटातली जागा सांगणारा क्रमांक) आणि विभाग पुरे, स्तर तालिकेत राहू द्या.

## टप्पा ७ : जुना संग्रह

सगळा संग्रह एकदम हाती घेऊ नका. आधी गेल्या वर्षभरात देवघेव झालेली बालविभागाची पुस्तकं, मग नवसाक्षर आणि पालक-शिक्षकांची. संदर्भग्रंथ आणि प्रौढ कादंबऱ्या शेवटी. त्यांत मिळण्यासारखं कमी असतं.

एका बैठकीत ५० च्या वर नोंदी करू नका. थकल्यावर सगळीच पुस्तकं स्तर ३ वाटू लागतात.

एकाच मालेतल्या पुस्तकांना तोच ५२१ द्यायचा असेल तर कोहाचं बॅच रेकॉर्ड मॉडिफिकेशन वापरा. आधी मार्क निर्यात करून बॅकअप घ्या आणि पाच नोंदींवर चाचणी करा. साचा ‘जोडा’ असा हवा, ‘बदला’ असा असेल तर प्रकाशकानं दिलेला वयोगट उडेल. ००८ मधलं एकच अक्षर घाऊक बदलायला जाऊ नका. साच्यात एक मोकळी जागा कमी पडली तर ४० अक्षरांची ती ओळ सरकते आणि भाषेचा कोडही बिघडतो, मग मराठी पुस्तकं मराठीच्या शोधात सापडत नाहीत. ते काम नोंद उघडूनच करा.

दर महिन्याला तीन अहवाल काढा: २३ व्या अक्षराला उभी रेघ असलेल्या बालविभागातल्या नोंदी, ५२१ आहे पण बी रिकामा आहे अशा नोंदी, आणि ‘पालक’ गटात असूनही ए, बी किंवा सी कोड मिळालेल्या नोंदी. तिसऱ्या यादीत जे येईल ते जवळपास नेहमीच पहिल्या टप्प्यातल्या सरमिसळीचं असतं. ते पुस्तक कपाटातून काढून मनोगत वाचा आणि कोड बदला.